स्पेनमधल्या गाड्या नसलेल्या वाटा: ही वाट पूर्वी काय वाहत होती, हे आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको, दोघंही पन्नाशी ओलांडलेले, पुण्याचे. कोकण किनाऱ्याने गोव्यापर्यंत सायकलवर जाऊन आलात, आणि त्या प्रवासात समुद्रापेक्षा मागून हॉर्न मारणारे डंपरच जास्त लक्षात राहिले. आता स्पेनमध्ये तेरा-चौदा दिवस मुरमाच्या रस्त्यावर, गाड्यांशिवाय, जुनी गावं बघत सायकल चालवायची आहे. वहिनींचा एक गुडघा कुरकुरतो. सांतियागोचा कामिनो, म्हणजे सांतियागोला जाणारी जुनी यात्रेची वाट, करावा का, नाहीतर दुसरं काय, कोणती सायकल, कोणता महिना?

मी अकरा वर्षं स्पेनमध्ये राहतो आणि त्यातली आठ वर्षं वसंतात आणि शरदात लहान गट घेऊन याच वाटांवर असतो. त्यामुळे उत्तर लांब होणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी कामिनोचं बोलू, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. फ्रान्सच्या सीमेवरून निघणारा मुख्य कामिनो साधारण ७८० किलोमीटरचा आहे. हल्ली वर्षाला चार लाखांहून अधिक यात्रेकरू सांतियागोला पोचल्याची नोंद करतात. चालणाऱ्याला ती सोबत वाटते, सायकलवाल्याला मात्र ती वाहतूकच असते. दर दोन मिनिटांनी घंटी वाजवायची, पाठीवर पिशवी घेतलेल्या दमलेल्या माणसाला बाजूला व्हायला लावायचं आणि तोंड कसनुसं करून 'ग्रासियास' म्हणायचं. आषाढीच्या वारीत दिवे घाटातून सायकल काढायची कल्पना करा. शेवटी चालणाऱ्यांना चुकवायला तुम्ही शेजारच्या डांबरी रस्त्यावर जाल आणि ज्यातून सुटायला आलात त्यातच पुन्हा सापडाल. श्रद्धेने जायचं असेल तर जरूर जा, ती गोष्ट वेगळी. तुमच्या प्रश्नाला मात्र माझं उत्तर 'नको' असंच आहे.

आता मुद्द्याचं. स्पेनमधली गाड्या नसलेली बहुतेक प्रत्येक वाट कधीतरी कामाची होती आणि पुढे तिचं काम सुटलं. कुठे आगगाडी गेली, कुठे बोट ओढणारी खेचरं गेली, कुठे मेंढरं कमी झाली. नकाशावर या तिन्ही वाटा सारख्याच तुटक रेषांनी दिसतात आणि तिथेच लोक फसतात. ती वाट काय वाहण्यासाठी बांधली होती एवढं कळलं की चढ किती असेल, सावली कुठे मिळेल, पाणी कुठे, गाव वाटेपासून किती लांब आणि पाऊस पडल्यावर काय होईल, हे घरबसल्या सांगता येतं. मी गटातल्या लोकांना पहिल्या संध्याकाळी हेच शिकवतो, टायरचा दाब त्यानंतर.

आगगाडीपासून सुरुवात करतो, कारण वहिनींच्या गुडघ्याला तीच मानवेल. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून, खाली खडी-मुरूम दाबून केलेल्या वाटांना इथे व्हिया व्हेर्दे म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. लिहिताना 'व' असला तरी लोक उच्चारतात 'बिया बेर्दे', तसं विचारलंत तर पत्ता लवकर मिळेल. हा कार्यक्रम १९९३ मध्ये सुरू झाला आणि आज देशभर मिळून अशा वाटा तीन हजार किलोमीटरहून जास्त आहेत. पुण्याच्या माणसाला रेल्वेचा चढ काय असतो हे वेगळं सांगायला नको. बोरघाटात गाडीला मागून इंजिनं लावावी लागतात, तरी तिथला चढ सदतीसास एक एवढाच आहे, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आत. स्पेनमधल्या या मार्गांवर त्याहूनही कमी, बहुधा दोन टक्क्यांच्या आसपास. मधल्या गिअरवर गप्पा मारत चढता येतं. फक्त हा चढ संपत नाही. वीस-वीस किलोमीटर तो तसाच चालू राहतो, डोळ्यांना रस्ता सपाट दिसतो आणि आपण आज एवढे का दमलो हे कळत नाही. वेग बघू नका, श्वास बघा.

तुमच्यासाठी मी निवडेन ती दक्षिणेतल्या हाएनहून पुएंते हेनिलला जाणारी 'व्हिया व्हेर्दे देल आसेइते', म्हणजे तेलाची हिरवी वाट. लांबी १२८ किलोमीटर. १९ व्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला आणि १९८० च्या दशकात बंद पडलेला हा रेल्वेमार्ग. ऑलिव्हचं तेल वाहायचा म्हणून लोक त्याला 'तेलाची गाडी' म्हणत. एकट्या हाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडं आहेत. पहिल्या दिवशी डोंगरावर डोंगर, ओळींवर ओळी बघून माणूस थक्क होतो. तिसऱ्या दिवशी कंटाळतो. हे माहितीपत्रकात कुणी छापत नाही म्हणून मी सांगतो. तोवर तुम्ही सुबेतिका डोंगररांगेच्या पायथ्याशी पोचलेले असाल, तिथे चुनखडीचे कडे सुरू होतात आणि नजरेला बदल मिळतो.

हाएनहून निघा, उलट दिशेने येऊ नका. पुएंते हेनिल बरंच खाली आहे, त्यामुळे गोळाबेरीज उताराची होते. पहिल्या टप्प्यात चढत चढत मार्तोसला पोचाल. गावामागे एकच उंच सुळका उभा आहे, पेन्या दे मार्तोस. गोष्ट अशी सांगतात की १३१२ मध्ये चौथ्या फेर्नांदो राजाने कार्वाखाल नावाच्या दोन भावांना खुनाच्या आरोपावरून याच कड्यावरून लोटून दिलं. आम्ही निर्दोष आहोत, तीस दिवसांच्या आत तुला देवाच्या दरबारात हजर व्हावं लागेल, असं ते म्हणाले म्हणे. राजा खरोखरच त्याच वर्षी सप्टेंबरात हाएनमध्ये मेला आणि इतिहासात त्याचं नाव 'एल एंप्लासादो', म्हणजे समन्स बजावलेला, असंच पडलं. राजाचं मरण खरं, बाकी दंतकथा. तुम्ही सकाळी जिथून निघालात ते त्याचं मरणाचं गाव आणि दुपारी जिथे जेवायला बसाल तो त्याच्या गुन्ह्याचा कडा. बारमधल्या म्हाताऱ्याला विचारून बघा, तो अशा थाटात सांगेल की जणू गेल्या आठवड्यातच घडलं.

या वाटेवर १९ व्या शतकातले लोखंडी पूल आहेत. त्यातला हाएन आणि कोर्दोबा या दोन प्रांतांच्या सीमेवरचा, ग्वादाखोस नदीवरचा पूल दोनशे मीटरहून लांब आहे. पुलांवर वारा आडवा येतो, तेवढं सांभाळा. बोगद्यात शिरताना गॉगल आधी काढा. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की काही सेकंद डोळ्यांपुढे अंधार असतो आणि नेमकं तेव्हाच समोरून कुणीतरी कुत्रा घेऊन येत असतं. काही बोगद्यांत दिवे आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका, पुढचा दिवा हवाच.

आता रेल्वेच्या वाटेची खोड. रेल्वे गावात जात नाही, गावाजवळून जाते. इंजिनाला चढ चालत नव्हता आणि गावं मात्र संरक्षणासाठी टेकडीवर वसलेली. त्यामुळे दिवसभर दोन टक्के आणि मुक्कामाला शेवटचा किलोमीटर छातीवर येणारा. सुएरोस हे त्याचं उत्तम उदाहरण. पांढरं शुभ्र गाव, खडकाच्या सुळक्यावर चिकटलेला किल्ला आणि रेल्वेची वाट गावाखालून. वहिनींनी तिथे खुशाल उतरून ढकलत जावं, लाज वाटायचं काही कारण नाही, मीसुद्धा ढकलतो. वर बकरीच्या दुधाचं चीज मिळतं, ते चुकवू नका. पुढच्या दोन्या मेन्सिया गावात जुन्या स्टेशनावर सायकलवाल्यांसाठी केंद्र आहे. तिथे दुरुस्ती होते आणि सायकल भाड्यानेही मिळते.

चार दिवस ठेवा. दणकट माणूस दोन दिवसांत संपवतो, पण मग मार्तोस, आल्काउदेते, सुएरोस, काब्रा ही गावं फक्त पाट्यांवर बघायची.

दुसऱ्या रेल्वेवाटांबद्दल दोन शब्द. तेरुएलकडून सागुंतोला समुद्राकडे उतरणारी 'ओहोस नेग्रोस' ही खाणीतलं लोखंड बंदरावर नेण्यासाठी १९०७ मध्ये सुरू झालेली रेल्वे. ती १९७२ मध्ये बंद पडली, आज साधारण १६० किलोमीटरची वाट आहे. जोडीला तेरुएलचे विटांचे मुदेहार, म्हणजे मुस्लिम कारागिरीच्या शैलीतले, मनोरे बघायला मिळतात. थंडी मात्र कडक. आणि कादिस प्रांतातली 'व्हिया व्हेर्दे दे ला सिएरा' फक्त साडेछत्तीस किलोमीटरची, पण तीस बोगद्यांची. पुएर्तो सेरानो ते ओल्बेरा. तिची गंमत अशी की बोगदे खोदले, पूल बांधले, स्टेशनं उभी केली आणि आगगाडी कधी धावलीच नाही. गिधाडांच्या कड्याखालून आज पहिल्यांदा जी वाहनं तिथून जातात ती सायकली. वेळ उरला तर करा.

आता कालवा. माझा जीव या वाटेवर आहे, हे लपवत नाही.

कनाल दे कास्तिया. १७५३ मध्ये काम सुरू, १८४९ मध्ये संपलं, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं. कल्पना त्या वेळचा मंत्री, एन्सेनादाचा मार्केस (सरदारकीचा किताब), याच्या काळातली: कास्तियाच्या पठारावर गहू उदंड पिकतो, पण तो बाहेर काढायला रस्ते नाहीत. तर पठारापासून डोंगर ओलांडून सांतांदेर बंदरापर्यंत पाण्याचा रस्ता खोदू. डोंगर काही ओलांडला गेला नाही. आलार देल रेयला, डोंगराच्या पायथ्याशीच, कालवा थांबला. मध्ये नेपोलियनशी युद्ध झालं, पैसा संपला, पुढे खाजगी कंपनीला ठेका दिला, कैद्यांना खोदकामावर जुंपलं. अखेर २०७ किलोमीटर झाला आणि त्याचा भरभराटीचा काळ जेमतेम दहा-बारा वर्षं टिकला, कारण १८६० च्या दशकात शेजारून रेल्वे आली. शंभर वर्षं खोदलेल्या गोष्टीला रेल्वेने एका तपात म्हातारं केलं. नौकानयन अधिकृतपणे १९५९ मध्ये बंद झालं. पाणी मात्र आजही वाहतं, शेतीला आणि पालेन्सिया, वायादोलिदच्या नळांना जातं.

बोटी खेचरं ओढायची. काठाने चालणाऱ्या खेचरांसाठी दोन्ही बाजूंना जी वाट होती तीच आपली वाट. म्हणून ती सपाट आहे. शब्दशः सपाट, कारण पाणी सपाट असतं. जिथे जमीन खाली उतरते तिथे पाण्याचे दरवाजे, म्हणजे लॉक. असे एकूण ४९. सायकलवर एवढाच उतार भेटतो: लॉकपाशी दहा-वीस सेकंद पेडल न मारता घसरत जायचं, पुन्हा सपाट. उत्तरेकडचे जुने लॉक अंड्याच्या आकाराचे आहेत, पुढच्या काळातले सरळ आयताकृती. शंभर वर्षांत बांधणाऱ्यांची पद्धत कशी बदलली हे खोगिरावर बसल्या बसल्या दिसतं.

कालव्याच्या तीन शाखा: आलार देल रेयपासून कालाओरा दे रिबासपर्यंत उत्तर शाखा ७५ किलोमीटर, तिथून मेदिना दे रिओसेकोपर्यंत कांपोस शाखा ७८, आणि एल सेरोनपाशी फुटून वायादोलिदला जाणारी दक्षिण शाखा ५४. तुम्ही पहिल्या दोन करा, दक्षिण शाखा सोडा. वायादोलिद जवळ येईल तसा शहराचा गोंगाट वाढत जातो. पालेन्सियाहून सांतांदेरच्या दिशेने जाणाऱ्या प्रादेशिक गाडीने आलार देल रेयला उतरायचं आणि पाण्याबरोबर खाली यायचं. रोज तीस ते पन्नास किलोमीटर, पाच दिवस. वाटेत एके ठिकाणी कालवा बाल्दाबिया नदीच्या वरून दगडी पुलावरून जातो, आबानादेस नावाचा जलसेतू. खाली नदी, वर कालवा आणि कालव्याच्या काठाने तुम्ही. थांबा तिथे. फोटोत ते नीट येत नाही.

फ्रोमिस्ताला चार लॉक एकापाठोपाठ एक, चौदा मीटरची उतरण. त्याच गावात सान मार्तिनचं चर्च, ११ व्या शतकातलं, नवारच्या राजाच्या विधवा राणीने बांधवलेलं. छपराखालच्या तीनशेहून अधिक दगडी ब्रॅकेटांवर माणसं, प्राणी, अर्वाच्य चेष्टा करणारे विदूषक, काय वाटेल ते कोरलंय. आपल्याकडे हेमाडपंती देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर जे खपतं तेच इथेही खपलं. फ्रोमिस्ताच्या आधी बोआदियापासून साधारण सहा किलोमीटर कामिनो आणि कालवा एकाच काठाने जातात. तुम्हाला यात्रेकरूंचा अनुभव हवाच असेल तर तेवढा पुरे. सकाळी अकराच्या पुढे जा, तोवर चालणारे पुढे गेलेले असतात.

त्यानंतर सुरू होतो तिएरा दे कांपोस, गव्हाचा प्रदेश. पाण्याच्या कडेला पोप्लरची उंच झाडं, बाकी क्षितिजापर्यंत शेतं. माती आणि तूस कालवून केलेल्या कच्च्या विटांची घरं, शेतात एकटेच उभे असलेले कबुतरांचे गोल मनोरे, निम्मे ढासळलेले. गावात दोनेकशे माणसं, त्यातली बरीचशी सत्तरीपुढची. सकाळी पाववाल्याची व्हॅन हॉर्न मारत येते, तेव्हा सगळं गाव दाराशी दिसतं. पाव तिथेच घेऊन ठेवा, कारण त्यानंतर दुकान नाही. शेवटी मेदिना दे रिओसेको, कालव्याचा शेवटचा धक्का आणि पाण्यावर चालणारी जुनी पिठाची गिरणी. तिथे रेल्वे नाही, वायादोलिदला बस आहे. सायकल घेतात का हे आधी विचारून ठेवा.

आता या वाटेची खोड, आणि माझी फजिती. कालव्याची वाट मातीची आहे, दाबलेल्या खडीची नाही. सात-आठ वर्षांपूर्वी एप्रिलात आबार्का गावाच्या अलीकडे आम्ही चौघं. रात्रभर पाऊस झालेला, सकाळी लख्ख ऊन. मीच म्हटलं, चला. दोन किलोमीटरवर चाकं फिरायची थांबली. ही माती आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडच्या काळ्या रानासारखी चिकट आहे. फरक रंगाचा, गुण तोच. टायर आणि फ्रेमच्या मध्ये भरत जाते, तिच्यात गवत आणि खडे मिसळतात आणि सिमेंट होतं. एकाने जोर लावून पेडल मारलं, मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, वर फिरून स्पोकमध्ये गेला आणि त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, हँगर, कटकन तुटला. सहा किलोमीटर सायकली खांद्यावर. त्या सायकलीचा हँगर ना पालेन्सियात मिळाला ना वायादोलिदमध्ये. गटातल्या त्या गृहस्थांनी उरलेला प्रवास बसने केला आणि मला अजून नववर्षाच्या शुभेच्छा पाठवतात, पण त्यात चिखलाचा फोटो असतो. तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. पाऊस झाला की दुपारपर्यंत निघायचं नाही, कोरड्या वाऱ्याने चार-पाच तासांत वर पापुद्रा धरतो. घाईच असेल तर शेजारच्या छोट्या डांबरी रस्त्याने जायचं, त्यावरही तासाला दोन-चारच गाड्या असतात. आणि आपल्या सायकलला बसणारा सुटा हँगर प्रत्येकाच्या पिशवीत.

तिसरी वाट मेंढरांची. ती तुम्हाला पूर्ण करायला सांगत नाही, एक दिवस चाखा. उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरात आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या कुरणात मेंढरं नेण्यासाठी राखून ठेवलेल्या या वाटा. दहावा आल्फोन्सो राजा याने १२७३ मध्ये मेंढपाळांच्या संघटनेला, मेस्ताला, सनद दिली. ती संघटना १८३६ पर्यंत टिकली. मोठ्या वाटेला 'कान्यादा रेआल' म्हणतात आणि तिची कायदेशीर रुंदी ९० कास्तियन 'वारा' (लांबीचं जुनं माप), म्हणजे सव्वापंचाहत्तर मीटर. हायवेपेक्षा रुंद गवताचा पट्टा, सरकारी मालकीचा, १९९५ च्या कायद्याने आजही राखलेला. बिनइंजिनाच्या वाहनाला परवानगी आहे, पण पहिला हक्क जनावरांचा. फलटण-माण भागातले धनगर दिवाळीनंतर वाडा घेऊन कोकणाकडे उतरतात, ते तुम्ही वरंधा घाटात पाहिलं असेलच. तीच गोष्ट. फक्त आपल्या धनगरांच्या वाटेला असा कागद नाही.

सेगोव्हिया हे त्यासाठी सोयीचं ठाणं. रोमनांचा, चुना न वापरता नुसते ग्रॅनाइटचे चिरे रचून उभा केलेला जलसेतू गावात, आणि डोंगराच्या पायथ्याने जाणारी मेंढरांची वाट गावाबाहेर. तिच्या कडेला लोकर कातरण्याची जुनी मोठी आवारं आहेत, काबानियास देल मोंतेचं त्यातलं एक. मेरिनो लोकरीवर स्पेनने शतकानुशतकं पैसा केला. मेंढ्या देशाबाहेर नेण्यावर बंदी होती, यावरून तिची किंमत समजा.

मेंढराला चढाचं काही वाटत नाही आणि मुरमाचं तर त्याहून नाही. त्यामुळे इथे पाच टक्के, बारा टक्के, ओढ्यातले गोटे, मध्येच कुंपण, सगळं भेटतं. फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या. कळपाबरोबर मास्तिन जातीचे राखणीचे कुत्रे असतात, गळ्यात कधी काट्यांचा पट्टा असतो, लांडग्यासाठी. कुत्रा धावत आला तर पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, हळू आवाजात बोलत कळपाला लांबून वळसा घाला. तो तुम्हाला चावायला आलेला नाही, हद्दीबाहेर काढायला आलाय.

महिना. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेर, नाहीतर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर. कास्तियाची म्हण आहे: नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक. तुमच्यासाठी मी सप्टेंबरअखेर म्हणेन, आधी कालवा, मग दक्षिणेत हाएन. तेव्हा शेतं कापलेली, पिवळी असतात, माती कोरडी. हिरवा गहू बघायचा तर मे, पण चिखलाची जोखीम घेऊन. जुलै-ऑगस्टमध्ये हाएनला चाळिशीपार ऊन असतं, तेव्हा नको. शरदात आणि हिवाळ्यात शनिवार-रविवारी रानडुकरांची शिकार चालते. 'बातिदा' लिहिलेली पाटी आडवी दिसली की परत फिरा, वाद घालू नका.

घड्याळाबद्दल सांगायलाच हवं. १९४० मध्ये स्पेनने घड्याळ एक तास पुढे केलं ते तसंच राहिलं, म्हणून सूर्य उशिरा उगवतो आणि उशिरा मावळतो. दुपारी दोन ते पाच गावं झोपलेली असतात. जेवण दोननंतर, रात्रीचं नऊनंतर. साडेबाराला भूक लागणाऱ्या पुणेकराचे इथे हाल होतात. रविवारी दुकान बंद, सोमवारी बऱ्याच ठिकाणी संग्रहालयं बंद.

शाकाहारी आहात का ते लिहिलं नाहीत. असाल तर 'कार्ने नको' म्हणून भागत नाही, कारण हॅम आणि ट्यूना यांना इथे मांस धरतच नाहीत. 'सिन खामोन, सिन आतून' असं स्पष्ट म्हणायचं. अंडं चालत असेल तर तोर्तियावर, म्हणजे बटाटा घातलेल्या जाड ऑम्लेटवर, जगता येतं. शिवाय पालक-छोले, पिस्तो (टोमॅटोत शिजवलेल्या भाज्या), चीज, आणि दक्षिणेत सकाळी भाजलेल्या पावावर टोमॅटो आणि ताजं तेल. शेंगदाणा-गुळाचे लाडू घरून आणा, पण तुपाशिवाय. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

पाणी प्रत्येकी तीन लिटर. गावात कारंजं असतंच, 'नो पोताब्ले' लिहिलं असेल तर पिऊ नका. कालव्याचं पाणी पिऊ नका.

सायकल: ४० ते ४५ मिलिमीटरचे टायर, ट्यूबलेस, दाब ३५ पीएसआयच्या आसपास. ट्यूबलेसचा आग्रह सराट्यासाठी आहे. हो, आपला सराटा, गोखरू. इथे त्याला 'आब्रोखो' म्हणतात, वनस्पती तीच. सप्टेंबरात कडेच्या वाळक्या गवतात टपून बसलेला असतो, म्हणून सायकल गवतात आडवी टाकायची नाही. पुढे सस्पेन्शन असलेली साधी माउंटन बाइक असेल तरी चालेल, मुरमासाठीची नवी ग्रॅव्हल बाइक घ्यायलाच हवी असं नाही. गावाबाहेर हेल्मेट कायद्याने लागतं.

रेल्वेने नेताना: प्रादेशिक गाड्यांत सायकल उभी नेता येते, पण जागा मोजक्या, आधी आरक्षण करा. वेगवान गाड्यांत ती सुटी करून पिशवीत भरावी लागते. माद्रिदहून हाएनला थेट प्रादेशिक गाडी आहे, तीच धरा.

गुडघ्याचं शेवटी. वहिनींसाठी ई-बाइक घ्या, पण घरून आणू नका. तिची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही. तिथेच भाड्याने घ्या, निदान हाएनच्या टप्प्यासाठी. कालव्यावर साधी पुरेल. आपलं रोजचं खोगीर आणि पेडल मात्र पुण्याहून न्या, पंधरा मिनिटांत बसवून होतात. आणि भाड्याची सायकल हातात आली की आधी ब्रेक बघा. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, इथे तो डाव्या हाताला असतो. त्यात रस्त्याची बाजूही उजवी. पहिल्या सकाळी स्टेशनाबाहेरच्या रिकाम्या मैदानात दोघांनी अर्धा तास नुसत्या गोल चकरा मारा, दोन्ही ब्रेक एकदम दाबायची सवय करा, आणि मगच मुरमावर उतरा.